जे येशूला ठाऊक नव्हतं

जरा स्वस्थ बसा. श्वास आपल्या लयीत येऊ-जाऊ द्या.

रोहिणी नक्षत्र लागलं की भोर-वेल्ह्याच्या डोंगरखोऱ्यांत शेतकरी धूळवाफेवर भाताचं बी टाकतो. खाली माती कोरडी, वर आभाळ कोरडं. पाऊस कुठल्या दिवशी उतरेल हे त्याला सांगता येत नाही, तरी मूठ सैल होते. मार्काच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशूने असाच एक शेतकरी उभा केला आहे. तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसं वाढतं ते त्याला कळत नाही. हा दाखला सांगताना येशू त्या शेतकऱ्याकडे कुठून पाहत होता? सगळं जाणणाऱ्याच्या उंचीवरून, की त्याच्याच बांधावरून?

हा प्रश्न मनात धरा. उत्तराची घाई नको.

आता मार्काचाच तेरावा अध्याय उघडा आणि बत्तिसाव्या वचनापाशी थांबा. येशू जैतुनाच्या डोंगरावर बसला आहे. समोर मंदिर दिसतं आहे. शेवटच्या दिवसाविषयी बोलताना तो सांगतो की ती घटका स्वर्गातल्या दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक आहे. हे वचन पुन्हा एकदा, सावकाश वाचा. मनात काही अडखळलं तर अडखळू द्या. पूर्वीचे वाचकही इथे अडखळले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातही हे वचन आहे, पण त्याच्या अनेक हस्तलिखितांत पुत्राचा उल्लेख सापडत नाही.

आता येशूचे प्रश्न ऐका. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकतो आहे, विचारतो आहे, आणि लूक लिहितो की तो ज्ञानाने वाढत गेला. गर्दीत एका आजारी बाईने त्याच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा तो वळून विचारतो की हात कुणी लावला. झटके येणाऱ्या मुलाच्या बापाला तो विचारतो की याला हे किती दिवसांपासून होतं आहे. बेथानीत मरण पावलेल्या लाजराला कुठे ठेवलं आहे तेही तो विचारून घेतो, आणि मग रडतो. यातला एक प्रसंग निवडा. प्रश्न विचारतानाचा त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. तो उत्तराची वाट पाहतो आहे.

दुसरी बाजूही मोकळेपणाने पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने नथनेलला अंजिराच्या झाडाखाली आधीच पाहिलेलं आहे. विहिरीवरच्या शोमरोनी बाईचं आयुष्य त्याला ती सांगण्याआधीच ठाऊक आहे. माणसाच्या मनात काय असतं हे तो ओळखतो. हे प्रसंगही तितकेच मोलाचे आहेत. एका हातात ते धरा, दुसऱ्या हातात मार्काचं वचन धरा. कुठलाही हात रिता करू नका.

चर्चनेही हे दोन्ही धरून ठेवलं. चौथ्या शतकात धर्माचार्य अथनासियसने म्हटलं की देवाचा शब्द म्हणून त्याला ती घटका ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती माणूस म्हणून. ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेने ठरवलं की ख्रिस्त खरा देव आणि खरा माणूस आहे. दोन्ही स्वभाव एकात एक मिसळून जात नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. कॅथलिक चर्चचा १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की त्याचं मानवी ज्ञान अमर्याद नव्हतं, माणूस अनुभवातून जे शिकतो ते त्यालाही शिकावं लागलं. आणि तोच ग्रंथ पित्याशी त्याची जी अंतरंग ओळख होती तिचीही ग्वाही देतो. मला हे फार मोठं वाटतं. देवाने माणसाचं शरीर घेतलं एवढं मानून आपण थांबतो. त्याने माणसाचं मनही घेतलं. शिकणारं, विचारणारं, उद्याची वाट पाहणारं मन.

प्रश्न विचारण्याचं भय वाटत असेल, तर पुणे जिल्ह्याच्याच पूर्वेकडे, पंडिता रमाबाईंच्या केडगावकडे पाहा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी प्रश्न विचारणं सोडलं नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात ते प्रश्न आजही वाचता येतात. त्याच रमाबाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची अखेरची वर्षं संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी दिली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. प्रश्न पडले म्हणून त्या ख्रिस्तापासून दूर गेल्या नाहीत. तुम्हालाही जावं लागणार नाही.

आता मार्काच्या त्याच वचनाच्या पुढे वाचा. घटका ठाऊक नाही, हे सांगून येशू लगेच शिष्यांना जागं राहायला सांगतो. असं जागं राहणं कसं असतं? वेल्ह्याच्या त्याच डोंगरखोऱ्यांत पानशेतचं धरण आहे. १९६१ च्या ११ जुलैच्या रात्री तिथे जवान पावसात वाळूची पोती रचत होते. बांध किती वेळ तग धरेल हे त्यांना कळायला मार्ग नव्हता, तरी ते रचत राहिले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटलं. पाणी पुण्यात शिरलं तेव्हा दिवस उजाडलेला होता. त्या रात्रीची ती माणसं काही क्षण मनात आणा. आपल्याला काय ठाऊक नाही यावर त्यांचं काम अडून राहिलं नाही.

तिथून गेथशेमाने बागेत या. येशू जमिनीवर पडून पित्याला विनवतो आहे की शक्य असेल तर हा प्याला टळावा. शेवट आधीच पाहून ठेवलेल्याने अशी विनवणी का करावी? मला वाटतं, या रात्री त्याच्यापाशी पित्याची ओळख होती, आणि ती पुरेशी होती. जे पित्याने स्वतःच्या हाती ठेवलं ते त्याने मागून घेतलं नाही. सगळं कळून चुकलेल्या मनाला भरवसा ठेवायला जागाच उरत नाही. येशूने भरवसा ठेवला, आणि तो मनापासूनचा होता.

आता तुमच्या आयुष्यातली अशी एक गोष्ट नाव घेऊन समोर ठेवा, जिचा दिवस आणि घटका तुम्हाला ठाऊक नाही. तपासणीचा निकाल असेल, घर सोडून गेलेलं लेकरू असेल, स्वतःचं मरण असेल. ती लपवू नका, तिचं उत्तरही रचू नका. मग आपल्या शब्दांत अशी प्रार्थना करा:

प्रभू येशू, ठाऊक नसणं कसं असतं हे तू आतून जाणतोस. मला सगळं कळावं अशी मागणी मी आज करत नाही. तू ज्या पित्यावर विसंबलास, त्याच्यावर मला विसंबू दे, आणि आज माझ्या वाट्याला आलेलं काम मला जागेपणी करू दे. आमेन.