डोळा नसलेला कंद

गर्द तांबडा डेलिया मूळचा मेक्सिको देशाकडचा. बीं पेरिलें तर तोच रंग येईल असा भरंवसा नाहीं. म्हणून माळी कंद लावितात. गेल्या पावसाळ्यांत मीं सर्वांत जाडजूड कंद निवडिला. तो मातींतच कुजला. कोंब फुटावयाचा तो जुन्या खोडाजवळच्या मानेवरील डोळ्यांतून, आणि ती मानच माझ्या हातून तुटली होती. प्रभूनें वेल व फांद्या यांविषयीं काय शिकविलें, तें मला त्या आळ्यापाशीं उमजलें. उपदेशकबंधूंनो, आपणांस वचनें पुष्कळ पाठ आहेत. पण पहांटेची एकांतांतील प्रार्थना सुटली आहे काय? मीं हें प्रथम मलाच विचारिलें, आणि पुष्कळ दिवस उत्तर देववेना. यंदा सुरकुतलेला, पण डोळा असलेला कंद लाविला आहे. दोन पानें वर आलीं आहेत.