छपराखालचे काम

अमेरिकेत रेल्वेच्या प्रतिकृती करणारी हौशी मंडळी पुष्कळ आहेत. 1:87 या प्रमाणात 85 फुटी प्रवासी डबा जेमतेम 30 सेंटीमीटर भरतो. आतील बाके, भिंती, उतारू बारीक कुंचल्याने रंगवून वर छप्पर बसवायचे. मग ते पाहणार कोण? एरवी खिडक्या अंधाऱ्याच दिसतात. पण आत दिवा लागला की न रंगविलेले प्लास्टिक उघडे पडते. खिडकीखाली झाकले जाणारे उतारूंचे पाय मात्र, जागेत बसावेत म्हणून, पुष्कळदा कापलेले असतात. छंदात हे क्षम्य आहे. तेथे कोणाची फसवणूक नाही. परंतु वाचकहो, आपले कर्तव्यही खिडकीच्या उंचीपर्यंतच करावे काय? लोकांना दिसेल तेवढाच प्रामाणिकपणा त्या उतारूसारखा असतो. तो बसलेला शोभतो, पण उभा राहू शकत नाही.