परका कोण, हे कुत्र्याला कोण शिकवतं?

रील साधारण अशी असते. हिरवंगार लॉन, मागे माथेरानचा डोंगर आणि फाटकापाशी उभा एक अवाढव्य कुत्रा. माणसाच्या कमरेला लागेल एवढी उंची, मानेभोवती सिंहासारखी आयाळ. खाली कॉमेंट्स: भाऊ, किंमत किती? भाऊ, चावतो का? भाऊ, ट्रेन करता येतो का?

तिसऱ्या प्रश्नाला भरपूर उत्तरं मिळतात. त्याच्या आधीचा एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ट्रेन करायचा तो कशासाठी? राखण करायची म्हणजे कोणाची, कोणापासून, आणि ते ठरवणार कोण?

कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली या पट्ट्यात हा प्रश्न टाळता येत नाही. इथे खाचरांच्या आणि वरकस जमिनींच्या जागी फार्महाऊस उभी राहिली. त्यातली बरीचशी शनिवारी उघडतात आणि रविवारी संध्याकाळी बंद होतात. मधले पाच दिवस तिथे एक केअरटेकर कुटुंब असतं, दोन-चार शेळ्या-कोंबड्या असतात आणि फाटकाला एक कुत्रा. पूर्वी तो गावठी असायचा. आता कॉकेशियन शेफर्ड, कांगाल, तिबेटन मॅस्टिफ अशी नावं ऐकू येतात. हे सगळे मुळात मेंढपाळांचे कुत्रे.

मेंढपाळाकडे दोन प्रकारचे कुत्रे असतात, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एक हाकणारा, दुसरा राखणारा. बॉर्डर कोली हाकणारा. मालकाच्या शिट्टीवर तो डावीकडे-उजवीकडे धावतो, मेंढ्या वळवतो. राखणारा कुत्रा यातलं काहीच करत नाही. तो कळपातच राहतो, दिवसा बराचसा वेळ झोपतो आणि रात्री जागतो. लांडगा येतो तेव्हा मालक झोपलेला असतो किंवा टेकडीच्या पलीकडे असतो. हुकमाची वाट पाहणारा कुत्रा तिथे कामाचा नाही. म्हणून तुर्कस्तान, कॉकेशस, इटलीचे डोंगर, आपला हिमालय अशा ठिकाणी मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारे कुत्रे निवडले आणि वाढवले. 'हा ऐकत नाही' ही घरोघरची तक्रार त्यामुळे थोडी विचित्र आहे. न विचारता ठरवणं हेच तर त्याचं काम होतं.

मग तो ठरवतो कशाच्या आधारावर? १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजमध्ये रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने युरोप-आशियातून असे कुत्रे आणून अभ्यास सुरू केला. चांगल्या राखणदारात त्यांना तीन गुण दिसले. तो कळपाला इजा करत नाही, कळपाला सोडून जात नाही, आणि काही वेगळं घडलं की मध्ये येऊन उभा राहतो. यातला पाया सामाजिक आहे. जन्मानंतरच्या पहिल्या साधारण सोळा आठवड्यांत पिल्लू ज्यांच्यात वाढतं, ते त्याचे आपले होतात. मेंढ्यांत वाढलं तर मेंढ्या, माणसांत वाढलं तर माणसं.

याचं गमतीशीर उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉर्नांबूलजवळ मिडल आयलंड नावाचं छोटं बेट आहे. ओहोटीला कोल्हे चालत तिथे पोचायचे आणि पेंग्विन मारायचे. शेकड्यांनी असलेले पेंग्विन दहाच्याही खाली आले. २००६ मध्ये तिथे मरेम्मा जातीचे कुत्रे नेले. मेंढ्यांसाठी घडवलेली ही इटालियन जात पेंग्विन राखू लागली. नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना अ‍ॅनाटोलियन आणि कांगाल कुत्रे देते. कुत्र्यामुळे शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही. अशी राखण बहुतेक वेळा भुंकून आणि आडवं उभं राहूनच होते. चावणं हे शेवटचं टोक.

याचा अर्थ असा, की वस्तू, माणूस, प्राणी यांपैकी आपलं काय, हे कुत्रा जन्मताना घेऊन येत नाही. भुंकण्याची तयारी तो घेऊन येतो. कोणावर भुंकायचं ते आपण भरतो.

आता फार्महाऊसकडे परत येऊ. चांगलं ट्रेनिंग प्रत्यक्षात कसं असतं? 'बस', 'हात दे' यात फार थोडं. पिल्लाला शेळ्यांच्या गोठ्याशेजारी जाळीपलीकडे ठेवायचं, वास आणि आवाज सवयीचे होऊ द्यायचे. रोज सकाळ-संध्याकाळ दोरीवर घेऊन जागेच्या कडेने फिरवायचं. आठव्या-दहाव्या महिन्यात तो कोंबड्यांमागे धावतो. ती खुनशी वृत्ती नसते, वयात आलेल्या पोराची मस्ती असते, पण कोंबडी मरतेच. तेव्हा त्याला एकटं सोडायचं नाही. रात्री तो भुंकला की घरातून 'गप रे' असं ओरडायचं नाही. उठायचं, जाऊन बघायचं, शांतपणे 'बास, बघितलं' म्हणायचं आणि परत यायचं. त्याने वर्दी दिली, आपण ती घेतली. असं दीड-दोन वर्षं चालतं, तेव्हा कुठे हा पन्नास-साठ किलोचा प्राणी भरवशाचा होतो.

दीड-दोन वर्षं रोज. शनिवार-रविवारच्या मालकाला हे जमणार कसं? म्हणून ते केअरटेकर करतो, म्हणजे बहुतेकदा त्याची बायको आणि मुलं. कुत्र्याच्या दृष्टीने 'आपली' माणसं ती. पावती मालकाच्या नावाची, कुत्रा त्यांचा. तरी त्याने कसं वागावं हे मालक ठरवतो, आणि तो कसा वागला याचा जाब मात्र केअरटेकरला द्यावा लागतो.

इथून खरा नैतिक पेच सुरू होतो. फार्महाऊसच्या कुंपणाबाहेरून, कधीकधी कुंपणामुळे अडलेल्या जुन्या पायवाटेवरून, कोण जातं? डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली कातकरी बाई. ओढ्यात खेकडे, मासे धरायला निघालेली पोरं. रानभाज्या खुडायला वर चढणारी ठाकर माणसं. हे लोक या जमिनीवर कुंपणाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेत. आणि फाटकातून आत कोण येतं? गाडीतले पाहुणे. गाडी आली की मालक पुढे होतो, हसतो, कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवतो. मोळीवाली बाई दिसली की कोणी हसत नाही. दोरी धरलेला हात नकळत आवळला जातो. कुत्र्याला तेवढं पुरतं. सहा महिन्यांत तो शिकतो की गाडीतून येणारे आपले आणि डोक्यावर ओझं घेऊन चालणारे परके.

मग आपण कौतुकाने सांगतो, 'याला बरोब्बर कळतं हं कोण कसलं आहे ते.' त्याला काय कळणार? जात, पैसा, सातबारा यातलं काही कुत्र्याला ठाऊक नसतं. त्याला आपण ठाऊक असतो. आपल्या मनातली जी यादी आपण चारचौघांत वाचून दाखवणार नाही, ती तो रोज मोठ्याने वाचतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चोऱ्या होत नाहीत का? पाच दिवस घर बंद, एकट्या कुटुंबाने जंगलाच्या कडेला राहायचं, त्यांना भीती नसते का? असते. भीमाशंकर अभयारण्याची हद्द रायगड जिल्ह्यातही येते आणि या डोंगरांत बिबट्या आहे. शेळी राखणं, झोपलेल्या पोरांना राखणं यात काहीही चूक नाही. राखणदार ठेवण्यालाही माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की राखण दोन तऱ्हेची असते आणि त्या दोन्हींत फार फरक आहे.

त्यातली एक इथल्या लोकांनी पाहिलेली आहे. दिवाळीच्या सुमाराला धनगरांचे वाडे घाट उतरून उत्तर कोकणात येतात. मेंढ्या, घोडी, पाठीवरच्या बिऱ्हाडात बसलेली कोंबडी आणि बरोबर चालणारे कुत्रे. भात कापून झालेल्या खाचरात शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. लेंडीखत मिळतं, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री मेंढ्यांभोवती कुत्रे असतात. पावसाच्या आधी वाडा परत घाटावर जातो, आणि कुत्र्यांची हद्दही त्यांच्याबरोबर निघून जाते. ती हद्द जमिनीला चिकटलेली नसते. जिथे मेंढरं, तिथे हद्द. उद्या त्याच खाचरातून कोणीही चालत जावं.

मी हे चित्र रंगवून सांगत नाही. धनगरांचे कुत्रेही वाटसरूच्या अंगावर जातात, चावतातही. पण त्या राखणीच्या मध्यभागी जीव असतात. लांडगा निघून गेला की कुत्रा परत येऊन कळपात बसतो. फार्महाऊसच्या राखणीच्या मध्यभागी एक रेष असते. शेळी सुरक्षित असो वा नसो, ती रेष कोणीतरी ओलांडतच असतं, आणि ओलांडणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरतो. जिवांची राखण कधीतरी संपते, विश्रांती घेते. रेषेची राखण संपत नाही. त्यात कुत्राही थकतो आणि वाटेवरची माणसंही.

शिवाय बऱ्याच ठिकाणी हा राखणदार साखळीला बांधलेला असतो. अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा त्यापेक्षा कितीतरी कमी. हिमालयात मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात काट्यांचा पट्टा घालतात, ते उगाच नाही. अशा प्रदेशात रात्री साखळीने जखडलेला कुत्रा घर राखत नाही, तो बिबट्यासाठी बांधलेलं आमिष असतो. फार आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला दीर्घकाळ बांधून ठेवणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि बर्फासाठी बनलेली दुहेरी लोकर घेऊन कर्जतचा मे महिना, मग चार महिन्यांचा पाऊस, गोचीड आणि गोचीडताप सोसणं, याला तर कुठल्याच कायद्यात नाव नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून तेवीस 'हिंस्र' जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. त्या यादीत कांगाल, अकबाश, कॉकेशियन, मध्य आशियाई आणि दक्षिण रशियन शेफर्ड, शारप्लानिनाक, टोर्न्याक होते. म्हणजे तेविसातले किमान सात मेंढरं राखणारे. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांसमोर ते परिपत्रक टिकलं नाही. कायदेशीर बाजू बाजूला ठेवू. त्या यादीमागचा विचार बघण्यासारखा आहे: दोष जातीत आहे, जात काढून टाकली की प्रश्न संपला. उलट भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबत हयगय करणाऱ्या माणसाला जबाबदार धरतं. मला हे दुसरं बरोबर वाटतं. निर्णय कुत्र्यावर सोपवता येतो, जबाबदारी सोपवता येत नाही. फाटकावर जे घडतं ते मालक मुंबईत झोपलेला असतानाही मालकानेच केलेलं असतं.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी सुरुवातीला, एक कुत्रा आहे. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचं पिल्लू येतं. त्याने हविर्भागाला तोंड लावलेलं नसतं, त्याकडे पाहिलेलंही नसतं, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. सरमा येऊन विचारते, याचा अपराध काय? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते: न दिसणारं भय तुमच्यावर येईल. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडे युधिष्ठिर बरोबर आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. आपण दुसरी गोष्ट मुलांना आवडीने सांगतो. फार्महाऊसच्या काळात मला पहिली जास्त महत्त्वाची वाटते. एखाद्या बाईच्या पोटरीला दात लागले की काठी कुत्र्याला बसते. त्याचा अपराध काय, हा सरमेचा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित राहतो. न दिसणारं भयही तिथेच असतं: कोणीतरी येईल, काहीतरी नेईल. त्या भयापायीच तर कुत्रा आणलेला असतो.

म्हणून पिल्लू आणण्याआधी एक कागद घ्यावा. आपल्या जागेजवळून रोज कोण जातं, त्यांची यादी करावी. त्यासाठी केअरटेकरला विचारावं लागेल, कारण आपल्याला त्यांची नावं माहीत नसतात. पायवाट अडली असेल तर आधी ती मोकळी करावी. मग पहिल्या सोळा आठवड्यांत, पाहुण्यांना दाखवतो तसं, त्या माणसांनाही पिल्लू दाखवावं. मोळीवाल्या मावशींना थांबवून, त्यांची भीती आणि मर्जी सांभाळून, त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. पिल्लाला तेवढंच बघायचं असतं. हे करायला वेळ नसेल, किंवा लाज वाटत असेल, तर हा कुत्रा आपल्यासाठी नाही. कुलूप घ्यावं, कॅमेरा लावावा. त्यांना निदान उन्हाळा लागत नाही.

आणि ज्यांच्याकडे असा कुत्रा आधीच आहे, त्यांनी पुढच्या शनिवारी गेल्यावर तासभर फाटकापाशी बसून बघावं, तो कोणावर भुंकतो आणि कोणावर नाही.