खायचा नाही, तर धरायचा कशाला?

मासा गळाला लावायचा, दमवून जवळ आणायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. ही दया म्हणायची की खेळ? आपण किनाऱ्यावरची माणसे. आपल्याला हा प्रश्नच थोडा विचित्र वाटेल. आपल्याकडे मासा धरतात तो खाण्यासाठी, नाहीतर विकण्यासाठी. हाती आलेला चांगला हातभर मासा कुणी परत पाण्यात टाकला, तर लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतील!

पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी लाखो मासे असे धरले आणि सोडले जातात. आपल्यापैकी काही कुटुंबांची मुले-नातवंडे नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाली आहेत. छोट्याशा होडीत बसून, भलामोठा मासा दोन्ही हातांत धरलेला एखादा फोटो अधूनमधून घरच्या फोनवर येतो. ‘कालवण केलं का रे?’ असे इकडून विचारले, तर तिकडून उत्तर येते, ‘नाही, सोडून दिला.’ यावर काय बोलावे ते घरच्यांना कळत नाही. त्या न कळण्यात एक खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. आज त्याचाच विचार करूया.

होडी आणि ते दोन मासे

या होडीला कयाक म्हणतात. एका माणसापुरती, साधारण १२ ते १४ फूट लांब, वरून उघडी, बहुतेक प्लास्टिकची. इंजिन नाही. दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारायचे, किंवा काही होड्यांत सायकलसारखे पाय चालवायचे. बसणारा पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असतो. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड, ऱ्होड आयलंडची नॅरागॅन्सेट खाडी, लाँग आयलंडची सामुद्रधुनी, न्यू जर्सीचा किनारा, या सर्व ठिकाणी पहाटे अशा होड्या पाण्यात उतरतात. काम सोपे नाही. वसंतात आणि शरदात पाणी इतके थंड असते की आत पडलेला माणूस थोड्याच वेळात हातपाय हलवेनासा होतो. धुके उतरले तर मोठ्या बोटींना ही होडी दिसत नाही. म्हणून अंगात तरंगणारे जाकीट, पाणी आत न शिरणारे कपडे, शिट्टी आणि होडीवर झेंडा, एवढी तयारी लागते. मोठा मासा लागला तर तो माणसासकट होडीच ओढत नेतो.

ज्या दोन माशांच्या मागे हे लोक जातात, त्यांतला पहिला स्ट्राइप्ड बास. चंदेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळसर पट्टे. वसंतात तो चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत आणि हडसन नदीत शिरून गोड्या पाण्यात अंडी घालतो. ज्याला आपण पाला म्हणतो तो हिलसा नदीत चढतो, तसेच हे. मग उन्हाळ्यात किनाऱ्याने उत्तरेला पार मेनपर्यंत जातो आणि थंडीच्या तोंडावर परततो. मादी वयात यायला सहा ते आठ वर्षे लागतात. जगली तर ती तीस वर्षांपर्यंत जगते, आणि जितकी मोठी तितकी अधिक अंडी घालते.

दुसरा ब्लूफिश. निळसर-हिरवा, धारदार दातांचा, झुंडीने शिकार करणारा. लहान माशांचा थवा कोंडून त्यावर तो तुटून पडला की पाणी उकळल्यासारखे दिसते आणि वर समुद्रपक्ष्यांचा गोंधळ उडतो. साधी दोरी तो दातांनी कापतो, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा बांधावा लागतो. तोंडातून गळ काढताना बोट सांभाळले नाही तर रक्त ठरलेले. त्याचे मांस तेलकट, गडद. लगेच रक्त काढून बर्फात ठेवले तर उत्तम, नाहीतर लवकर बिघडते.

इथेच एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. स्ट्राइप्ड बास तिकडे लाडका आहे. त्याला हळुवार हाताळतात, ओंजळीत धरून पाण्यात सावरतात. ब्लूफिश मात्र अनेकांचा नावडता. तो लागला की काही जण चरफडतात आणि कसाही ओरबाडून गळ काढून फेकून देतात. दोघेही एकाच निर्मात्याची लेकरे, मग वागणुकीत हा फरक का? आपली दया पुष्कळदा आपल्या आवडीच्या मागे चालते. ज्याची चव आवडते, रूप आवडते, त्याच्यापुरती ती जागी होते.

चारशे वर्षांचा धडा

या माशाशी माणसाने कसे वागावे हा वाद नवा नाही. १६३९ साली मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने कायदा केला, की कॉड आणि बास हे मासे शेतात खत म्हणून वापरू नयेत. माणसाचे अन्न मातीत पुरणे गैर आहे, हे त्या काळीही कळत होते. १६७० मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या मासेमारीचे उत्पन्न एका शाळेसाठी लावून दिले. म्हणजे मुलांच्या शिक्षणालाही या माशांनी हातभार लावला.

तरीही १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा मासा झपाट्याने कमी झाला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्याच्या रक्षणासाठी खास कायदा केला. १९८५ ते १९९० मेरीलँड राज्याने तो धरण्यावर पूर्ण बंदी घातली. कितीतरी कोळ्यांच्या पोटावर पाय आला. पण मासा परतला आणि १९९५ मध्ये तो सावरल्याचे जाहीर झाले. माणसे थांबली तर समुद्र भरून देतो, याचे हे मोठे उदाहरण. दुर्दैवाने धडा टिकला नाही. २०१९ मध्ये हा मासा पुन्हा धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे जाहीर झाले. २०२३ मध्ये खुल्या समुद्रातील हौशी मच्छीमारांसाठी नियम आला : दिवसाला एकच मासा न्यायचा आणि तोही २८ ते ३१ इंच लांबीचा. त्याहून लहान सोडायचा, कारण त्याला वाढायचे आहे. त्याहून मोठा सोडायचा, कारण अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या राखायच्या आहेत. ब्लूफिशसाठीही २०२० मध्ये दिवसाची मर्यादा पंधरावरून तीनवर आणली गेली.

म्हणजे तिकडचे बरेचसे सोडणे हा नियम आहे. तो पाळणे हे कर्तव्य आहे, त्यात वाद नाही. प्रश्न त्यापुढे सुरू होतो.

सोडलेला मासा कुठे जातो?

सोडलेला मासा शेपटी हलवून निघून जातो आणि आपले मन हलके होते. पण सगळेच जगतात का? शास्त्रज्ञ हिशेबासाठी असे धरतात, की हौशी मच्छीमारांनी सोडलेल्या दर १०० स्ट्राइप्ड बासपैकी ९ नंतर मरतात. गळ खोल गेलेला असतो, झुंजून दम संपलेला असतो, किंवा पाणी फार गरम असते. ९ हा आकडा लहान वाटतो. पण हौशी मच्छीमारांनी धरलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मासे सोडलेच जातात. त्यामुळे २०१७ साली मासेमारीमुळे मेलेल्या स्ट्राइप्ड बासपैकी जवळपास निम्मे हे सोडून दिलेले मासे होते!

आता साधा हिशेब करूया. एक माणूस एक मासा धरतो, घरी नेतो, मुलाबाळांसह खातो. दुसरा दिवसभरात तीस धरतो आणि तिसाच्या तीस सोडतो. पहिल्याने एक मासा मारला. दुसऱ्याने, सरासरीने, जवळजवळ तीन. आणि त्या तिघांचे कालवण कुणाच्याच ताटात आले नाही. संध्याकाळी दुसऱ्याचे हात मात्र स्वच्छ दिसतात.

माशाला वेदना होतात का, यावर अजून वाद आहे. २००३ मध्ये एडिंबरोजवळील शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. काही शास्त्रज्ञ म्हणतात, त्याला आपल्यासारखे ‘दुखणे’ म्हणता येणार नाही. पण शंका असेल तर तिचा फायदा कुणाला द्यावा? स्वित्झर्लंडने २००८ च्या नियमांत, सोडून देण्याच्याच उद्देशाने मासे धरण्यास मनाई केली. आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. २४१५ ते २४१८) सांगितले आहे, की प्राण्यांचा अन्नासाठी उपयोग करणे योग्य आहे, परंतु त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. सारा प्रश्न त्या ‘विनाकारण’ शब्दाशी येऊन थांबतो.

दुसरी बाजू

मासे सोडणाऱ्यांची बाजू ऐकून न घेता निवाडा देणे बरोबर होणार नाही. ते म्हणतात, आम्ही मासे धरतो म्हणूनच आम्हाला मासे कमी झाल्याचे आधी कळते. हे खरे आहे. या माशांवर जीव असलेल्या लोकांनीच बंदीसाठी आवाज उठवला. २०२१ पासून आमिषासोबत आत वळलेल्या टोकाचा गोल गळ वापरणे सक्तीचे झाले. तो पोटात न रुतता ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, त्यामुळे मासे वाचतात. ते असेही म्हणतात, की आठवडाभर चार भिंतींत काम करणाऱ्या माणसाला पहाटेच्या पाण्यावर जी शांती मिळते, ती खोटी नाही. आम्हालाही ती खोटी वाटत नाही. आपल्यातले कितीतरी जण गरी टाकून खडकावर तासन् तास बसतात, ते काय फक्त माशासाठी?

पण या शांतीची किंमत कोण देतो, हेही विचारले पाहिजे. आपल्या आनंदाचे मोल दुसऱ्याच्या जिवाने चुकवायचे असेल, तर तो आनंद मापात घ्यायला हवा.

‘पुरे’ कोणी म्हणायचे?

आम्हाला वाटते, प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. खाण्यासाठी मासे धरणाऱ्याला थांबवणारी गोष्ट बाहेर असते. टोपली भरते, बर्फ संपतो, घरी खाणारी तोंडे मोजकी असतात. त्याला ‘पुरे’ म्हणायला समुद्र आणि स्वयंपाकघर दोघेही शिकवतात. कयाक तर इतकी लहान, की तिच्यात जास्त ठेवायला जागाच नाही. पण जो सगळेच सोडतो, त्याची टोपली कधीच भरत नाही. तिसाव्या माशानंतर एकतिसावा धरायला त्याला कशाचीच आडकाठी नाही. म्हणून ‘पुरे’ हा शब्द त्याने स्वतःच, मनातल्या मनात, म्हणायला हवा. सोडणे हा संयम नव्हे. थांबणे हा संयम आहे.

तेव्हा तिकडच्या आपल्या मुलांना काय सांगावे? जायला हरकत नाही. नियमात बसणारा एखादा मासा मिळाला तर घरी ने, नीट शिजव, शेजाऱ्यालाही दे. ब्लूफिश लागला तर त्यालाही मान दे, रक्त काढून बर्फात ठेव, बांगड्यासारखा तिखट-आंबट कर. जो सोडायलाच हवा, तो पाण्यातल्या पाण्यात, झटकन सोड. फोटोसाठी मांडीवर घेऊन बसू नकोस. भर उन्हाळ्यात पाणी तापले असेल तर गळ घरीच ठेव आणि नुसती होडी वल्हव. आणि चार-पाच मासे झाले की परत फीर, चावे जोरात येत असले तरी.

आणि आपण इकडचे? आपल्या जाळ्यातला लहान मासा वर येईपर्यंत बहुधा मेलेलाच असतो. त्याला सोडून काही उपयोग नाही. म्हणून आपले ‘पुरे’ आणखी आधी यायला हवे : जाळ्याच्या आसात, पावसाळ्याच्या बंदीत आणि बाजारात. २०२३ मध्ये पापलेट आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी आकार ठरवून दिला. पण तळहातापेक्षा लहान पापलेट बाजारात दिसते, कारण ते घेणारे आपणच असतो. कोळ्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या डोक्यावर डिझेलचे आणि बर्फाचे बिल असते. पिशवी तर आपल्या हातात आहे.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले. जिथे अन्नाचा चमत्कार झाला, तिथेही काही वाया जाऊ दिले नाही. येत्या आठवड्यात बाजारात जाताना एवढेच करूया : वाटीत मावतील अशा लहान पापलेटांचा वाटा स्वस्तात मिळाला, तरी नको म्हणूया, आणि ‘मोठे आल्यावर घेईन’ असे त्या बाईला प्रेमाने सांगूया.