मुक्या जीवाचे छायाचित्र

दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात गोरवां पाडवो साजरा होतो. त्या दिवशी गुरांना न्हाऊ घालतात, त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालतात आणि त्यांना ओवाळतात. अलीकडे या पूजेत आणखी एका विधीची भर पडली आहे. ओवाळणी आटोपते न आटोपते तोच मोबाईल पुढे सरसावतात, आणि सायंकाळपर्यंत त्या गुरांची छायाचित्रे समाजमाध्यमांवरून देशोदेशी पोहोचलेली असतात.

माणसाचे छायाचित्र काढताना त्याची अनुमती घ्यावी, हा शिष्टाचार सर्वमान्य आहे. गाईला मात्र कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी उत्तर मिळण्याजोगे नाही. तिला लौकिकाची चाड नाही, बदनामीचे भय नाही. मग तिचे छायाचित्र काढण्यात अधर्म तो कसला, असे कित्येकजण म्हणतील. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु लौकिकाच्या हानीवाचून दुसरी हानीच नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे तिला भोवतालचे बहुतेक सारे दिसते, पण नेमके पाठीमागचे दिसत नाही. मागून कोणी अकस्मात आले अथवा अंधारात एकाएकी लखलखाट झाला, तर ती बिचकते. चित्रासाठी वासराला आईपासून ओढून दूर उभे करणे किंवा करडाला टोपी-चष्मा चढविणे, हे सारे त्या जीवालाच सोसावे लागते. लौकिक कळत नसला तरी भीती त्याला कळतेच. गोव्यातील धिरयोंवर उच्च न्यायालयाने 1996 साली बंदी घातली. तरीही एखाद्या चोरट्या झुंजीचे चित्रण घरबसल्या चवीने पाहणारा मनुष्य, आपण मैदानात नव्हतो एवढ्यावरच निर्दोष ठरेल काय? प्रेक्षकांची हौस हेच अशा खेळाचे भांडवल असते.

हा मोह छायाचित्रकलेहून जुना आहे. इंग्लंडात ‘डरहॅम ऑक्स’ नावाचा एक अवाढव्य बैल 1801 पासून गाडीत घालून गावोगाव दाखविला जात असे. 1802 साली निघालेल्या त्याच्या चित्राच्या दोन हजारांवर प्रती त्याच वर्षी खपल्या. या भटकंतीतच 1807 साली त्याचा खुबा निखळला आणि शेवटी त्याला मारावे लागले. त्या काळचे पशुपालक आपली जनावरे चित्रात वाजवीपेक्षा लठ्ठ दाखवून घेत. थॉमस ब्यूइक या काष्ठचित्रकाराने मात्र जनावराच्या अंगावर नसलेली चरबी चितारण्यास नकार दिला. त्याच्या आत्मचरित्रात ही हकीकत आहे. तात्पर्य, हा दोष यंत्राचा नव्हे. तो पाहणाऱ्याच्या हेतूचा आहे.

आपल्या अनेक देवळांत गाभाऱ्याचे छायाचित्र काढण्यास मनाई असते. तिची व्यावहारिक कारणे काहीही असोत, तिच्यामागे एक जाणीव खचितच आहे. आपण देवाला पाहतो तसा देवही आपल्याला पाहतो, आणि या परस्पर भेटीलाच दर्शन म्हणतात. चौकटीकडे डोळा लावून बसलेला मनुष्य स्वतः पाहतो, पण पाहिला जाण्यास तयार नसतो. गोठ्यातही तेच घडते. गाय मान वळवून आपल्याकडे पाहते, तेव्हा तिला तहान लागली आहे की तिचा पाय दुखतो आहे, हे तिच्याकडे नीट पाहणाऱ्यालाच उमगते.

तथापि छायाचित्राचा सर्वस्वी निषेध करणे अन्यायाचे होईल. आजारी जनावराचे छायाचित्र पाहून दूरच्या पशुवैद्याला योग्य सल्ला देता येतो. हरवलेली म्हैस चित्रावरून ओळखता येते. गोव्याच्या श्वेतकपिला गाईला 2020 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. अशा देशी जातींची ओळख लोकांना पटविण्यासही चित्रे साहाय्यभूत होतात. येथे चित्र त्या प्राण्याच्या कामी येते, म्हणून ते निर्दोष होय.

खरी कसोटी याहूनही कठीण आहे. गीतेने पंडिताच्या समदृष्टीचे वर्णन करताना गाय आणि कुत्रा यांना एकाच श्लोकात आणले आहे. आपली दृष्टी मात्र निवडक असते. गोंडस वासराचे चित्र हजारोंना आवडते. परंतु दूध आटल्यावर मोकाट सोडलेली, रात्री महामार्गावर बसून वाहनांची शिकार होणारी गाय कोणाच्याच चौकटीत मावत नाही. वासराच्या चित्रावर प्रेम उधळून ‘आपण गोभक्त आहोत’ असे समाधान मनाला मिळाले, की त्या दुसऱ्या गाईसाठी काही करण्याची निकड उरत नाही. या व्यवहारातील सर्वांत मोठी हानी हीच होय, आणि ती गाईइतकीच आपलीही आहे.

यास्तव चित्र काढावे, पण ते घेतल्याने आपण त्या जीवाचे ऋणी झालो हे विसरू नये. ते ऋण चाऱ्याने, पाण्याने आणि औषधानेच फिटते. इतरांच्या वाहवेने ते फिटत नाही.