अर्पण गीताचे की लेकराचे?

देवाला द्यायचे ते उत्तमच द्यावे, हा धडा आपण सर्वच रविवारच्या शाळेत शिकलो आहोत. आंधळे, लंगडे व रोगी पशू वेदीवर आणणाऱ्यांस मलाखी संदेष्ट्याने किती कडक शब्दांत फटकारले आहे (मलाखी १:८), हे वाचकांस ठाऊक आहे. मग गीतांचे अर्पण तरी बेसूर व बिनतयारीचे का असावे? कराराचा कोश यरुशलेमेत आणताना गायन शिकविण्याचे काम कनन्याकडे दिले गेले, ते तो त्यात निपुण होता म्हणूनच (१ इतिहास १५:२२). तेव्हा भक्तीला शिक्षणाचे वावडे आहे, असे कोणी म्हणू नये.

परंतु या धड्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. उत्तम गायन आपोआप होत नाही. ते माणसांकडून, पुष्कळदा कोवळ्या मुलांकडून, घडवून घ्यावे लागते. त्याचे मोल कोणी भरायचे? ज्या मंडळीला अर्पण करायचे आहे तिने, की ज्याच्या गळ्यातून ते अर्पण निघते त्या लेकराने? या प्रश्नाचा विचार करताना युरोपातील एका संगीताचा इतिहास आपणांस फार उपयोगी पडतो.

इ. स. १६०० ते १७५० च्या सुमारास युरोपात जे संगीत बहरले त्यास बरोक संगीत म्हणतात. इटलीत मोंतेवेर्दी व विवाल्दी, इंग्लंडात हेंडेल, जर्मनीत योहान सेबास्टियन बाख हे त्याचे थोर रचनाकार. हे संगीत गाणाऱ्याची कसोटी पाहते. एका श्वासात लांबच लांब जलद स्वरपंक्ती घ्याव्या लागतात. एखादा स्वर अगदी बारीक उचलून, भरदार करून, पुन्हा बारीक करावा लागतो. गीताचा पहिला भाग पुन्हा येतो तेव्हा गायकाने तो स्वतःच्या कल्पनेने नटवायचा असतो, आणि एवढे करूनही शब्दाचा अर्थ झाकला जाता कामा नये. आपल्याकडील ख्यालगायकास यातील मेहनत सांगावी लागणार नाही. असा गळा वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाही. म्हणून शिक्षण बालपणीच सुरू होई.

नेपल्स शहरात अनाथ व गरीब मुलांचा सांभाळ करणारी चार आश्रयगृहे होती. त्यांपैकी एकाचे तर नावच 'येशू ख्रिस्ताचे गरीब' असे होते. सतराव्या शतकात या आश्रयगृहांच्या नामांकित संगीतशाळा झाल्या. निराधार मुलांस छप्पर, अन्न व विद्या मिळाली, हे चांगलेच झाले. पण त्याच काळात इटलीत एक क्रूर प्रथा रुजली होती. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, या पौलाच्या वचनाचा (१ करिंथ १४:३४) आधार घेऊन रोममधील पोपच्या गायकवृंदात स्त्रियांस मज्जाव होता. मुलांचे आवाज तर वयात येताच फुटतात. मग उंच स्वर गाणार कोण? यावर काढलेला उपाय असा की, सुरेल मुलांना वयात येण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून षंढ करावे, म्हणजे आवाज बालकाचा व छाती पुरुषाची राहील. कायद्याने हे निषिद्ध होते. तरीही अशा गायकांना देवळांत मानाने नोकरी मिळे. इंग्रज संगीतज्ञ चार्ल्स बर्नी १७७० साली इटलीत हिंडला. ही शस्त्रक्रिया कोठे होते, असे त्याने गावोगाव विचारले, तेव्हा प्रत्येक गाव दुसऱ्या गावाकडे बोट दाखवी. लाभ सर्वांस हवा होता, दोष कोणासच नको होता. यांतून फारिनेल्लीसारखे थोडेच कीर्तीस चढले. बाकीच्यांच्या वाट्यास ना कीर्ती आली, ना संसार.

हे वाचून आपण प्रॉटेस्टंट लोकांनी निःश्वास टाकू नये. आता लाइपझिगला येऊ. तेथील संत थोमाच्या शाळेत गरीब मुलांस शिक्षण व निवास मिळे, आणि त्याबदली त्यांनी शहरातील देवळांत गावे, प्रेतयात्रांतही गावे, असा नियम होता. बाख १७२३ पासून १७५० साली मृत्यू येईपर्यंत तेथे गायनप्रमुख होता. ऑगस्ट १७३० मध्ये त्याने नगरसभेस एक निवेदन दिले. त्यात त्याने मुलांची विभागणी केली आहे: १७ उपयोगी, २० अद्याप उपयोगी नाहीत, आणि १७ अपात्र. ज्यांना संगीत समजत नाही, मंडळीचे साधे गीत जेमतेम म्हणता येते, असे उरलेसुरले आपण संत पेत्राच्या देवळात पाठवतो, असेही त्याने लिहिले आहे.

बाखवर अन्याय होऊ नये. त्याची तक्रार खरी होती. कान नसलेल्या मुलांस गायनासाठी भरती करणे हे त्या मुलांच्याही हिताचे नव्हते. शिवाय त्याच निवेदनात तो असेही म्हणतो की, ड्रेस्डेनच्या राजदरबारी वादकांना पोटाची चिंता नाही म्हणून ते आपल्या कलेत पारंगत होतात. येथे मात्र पुरेसे वेतन न देता उत्तमाची अपेक्षा केली जाते. सुंदर उपासना हवी, पण तिचा खर्च गायकवादकांच्या पोटातून काढायचा, हा ढोंगीपणा त्याने उघडा केला. तरीही संत पेत्राच्या देवळात जमणारे लोक देवाचीच लेकरे होती, आणि 'अपात्र' ठरलेली १७ मुलेही.

कोणी म्हणेल, निवड व त्याग यांवाचून कला नाही. मुलांस कठोरपणे पारखले नसते, तर बाखचे 'मत्तयकृत दुःखसहन' आपणांस मिळाले असते काय? यात तथ्य आहे. गाणे बेसूर असेल तर बेसूर म्हणावे. खोटी स्तुती ही प्रीती नव्हे. पण 'हे अपरिहार्य आहे' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा तपासून पाहावे. ती गरज देवाची असते की आपल्याच एखाद्या रूढीची? वर सांगितलेल्या प्रथेचे उदाहरण घ्या. आज हेंडेलच्या त्याच भूमिका स्त्रिया गातात, किंवा उंच आवाज कमावलेले पुरुष गातात. विल्यम क्रिस्टी यांच्या 'ले झार् फ्लोरिसां' या फ्रान्समधील संस्थेने २००२ साली तरुण गायकांसाठी एक शिक्षणवर्ग सुरू केला. तेथे येणारे स्वतःच्या इच्छेने येतात, मेहनत करतात व तेच बरोक संगीत गातात. कोणाच्याही देहावर शस्त्र चालत नाही. गाऊ शकणाऱ्या स्त्रिया तर तेव्हाही होत्या. व्हेनिसच्या पिएता आश्रमातील अनाथ मुली, ज्यांना विवाल्दीने शिकविले, जाळीआडून गात आणि परदेशी प्रवासी ऐकण्यास येत. म्हणजे गरज नव्हतीच. एक नियम मोडवेना, म्हणून लेकरे मोडली. मलाखीने निर्दोष अर्पण मागितले ते पशूचे. अब्राहामाने मुलावर सुरी उचलली तेव्हा देवाने त्याचा हात थांबविला.

आता आपल्या मंडळ्यांकडे वळू. नाताळचा कार्यक्रम जवळ येतो, पाहुणे येणार असतात, आणि एखाद्या मुलाच्या कानात शिक्षक सांगतात, "तू नुसते ओठ हलव." शस्त्र नाही, रक्त नाही, पण ते मूल पुढे आयुष्यभर उपासनेत तोंड उघडत नाही. विशेष गीतासाठी निवडक मुले घ्यावीत, त्यांची कसून तयारी करून घ्यावी. मात्र 'उपासना संगीता'तील गीत सर्वांनी गावे व तेही सर्वांना शिकवावे. ज्याला विशेष गीतात घेतले नाही, त्याला खरे कारण प्रेमाने सांगावे आणि दुसरे खरेखुरे काम द्यावे. आणि जो बाजाची पेटी वाजवतो, वर्षानुवर्षे मुलांना शिकवतो, त्याच्या कष्टांची मंडळीने पैशानेही जाण ठेवावी.

मंदिरसेवेसाठी शिकून निपुण झालेल्या गायकांची संख्या शास्त्रात २८८ दिली आहे. त्यांच्या पाळ्या ठरविताना चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्यात लहानथोर, गुरुशिष्य असा भेद ठेवला नाही (१ इतिहास २५:७, ८). शिक्षण सर्वांना होते, पण शिक्षणाने कोणाचे स्थान वर-खाली केले नाही. बाखच्या दुःखसहनगीतातही, निपुण गायकांच्या अवघड गीतांच्या मधून मधून, मंडळीला पाठ असलेल्या साध्या गीतांच्या चाली पुन्हा पुन्हा येतात. संत पेत्राच्या देवळात पाठवलेल्या मुलांना जेमतेम म्हणता येत, ती गीते याच जातीची.