काळ्या वाळूवर कान

यंत्र अजून चालू करू नका. सुरूच्या झाडांमधून खाली उतरा, वाळूवर बसा, आणि त्याला शेजारी आडवं ठेवा.

ओहोटी लागली आहे. डाव्या हाताला कुंडलिका समुद्राला मिळते, तिच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर. पाठीशी रेवदंड्याची पोर्तुगीजांची तटबंदी, तिच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. एक श्वास घ्या, सावकाश सोडा. पाण्याचा आवाज येतो आहे. वारा कानावरून जातो आहे. या दोन आवाजांना आपण कधी बिघाड म्हणत नाही, एवढंच आत्ता लक्षात असू द्या.

हा मेटल डिटेक्टर मी जुना घेतला. विकणाऱ्याने घरातच नाणं फिरवून दाखवलं, खणखणीत आवाज आला, मी पैसे मोजले. इथे वाळूवर आणला आणि तो किंचाळायला लागला. धातू असो नसो, टक्टक्, चिर्रर्र, मध्येच लांब शीळ. पहिल्या संध्याकाळी मनात एकच वाक्य होतं, फसवलं मला. ते वाक्य डोक्यात असताना मी काहीच ऐकलं नाही. म्हणून तुम्हाला आधी खाली बसवलं.

आता उठा. यंत्राच्या टोकाची चकती कमरेइतकी वर धरा आणि बटण दाबा. हात हलवू नका. दुसरं कुठलंही बटण फिरवू नका. फक्त ऐका.

हात स्थिर असतानाही टकटक येते का? मग वाळूचा त्यात काही संबंध नाही. खिशातला फोन बंद करा, पिशवीत टाकून दहा पावलं लांब ठेवा. विजेच्या तारांपासून दूर जा. चकती आडवी असताना आणि उभी धरल्यावर आवाज बदलतो का, पाहा. बदलत असेल तर तो बाहेरून येतोय, हवेतून. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला हजारो वेळा चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करतं, दुसरं नुसतं ऐकत असतं. दोन्ही अशा तोलाने बसवलेली की पहिल्याचं दुसऱ्याला जवळजवळ काही ऐकू येऊ नये. इतका हळवा कान असलेल्या यंत्राने तारांची गुणगुण ऐकली, तर त्याच्यावर रागावायचं कशाला?

फोन लांब गेला, तारा लांब राहिल्या, तरी टकटक आहेच. मग बॅटरीचं झाकण उघडा. माझ्या यंत्रात एका स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर होता, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा. काडीला कापूस गुंडाळला, लिंबाच्या रसात भिजवला आणि स्प्रिंगचा एकेक वेढा पुसला. मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात मी त्या यंत्राचा मालक झालो, पैसे दिले त्या दिवशी नव्हे.

आता चकती हलवा, हवेतच, डावीकडून उजवीकडे. स्थिर असताना गप्प आणि हलवल्यावर आवाज, असं असेल तर केबल पाहा. दांड्यावरून ती सैल लोंबत असेल, तर तिची हालचालसुद्धा चकतीला धातूसारखी भासते. घट्ट गुंडाळून पट्टीने बांधा. चकतीखालचं प्लास्टिकचं झाकण काढा आणि उलटं करून झटका. माझ्या झाकणातून चमचाभर काळी वाळू पडली. आधीच्या मालकाने ती कुठल्या किनाऱ्यावरून आणली, कोण जाणे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल केला की थांबा, ऐका, मगच पुढचा. घाई झाली की दोन गोष्टी एकदम बदलतात, आवाज थांबतो, आणि कशाने थांबला हे कळत नाही.

पुन्हा खाली बसा. खिशात लोहचुंबक आहे, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. उचला. पिशवीच्या बुडाला काळ्या कणांची दाढी उभी राहिली आहे. बोट लावा, केस आडवे होतात आणि पुन्हा उठतात. हा मॅग्नेटाइट, सह्याद्रीच्या काळ्या कातळातला लोहकण, ओढ्या-नद्यांनी झिजवून इथवर आणलेला. तुम्ही ज्याच्यावर बसला आहात तो किनाराच थोडा लोखंडाचा आहे. यंत्र खोटं बोलत नव्हतं.

1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल असंच यंत्र घेऊन गेले होते. आवाज येई, पण एका जागी नाही, सगळीकडे पसरलेला. नंतर कळलं की अध्यक्षांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय डॉक्टरांनी शोधायला उजवी बाजू दिली होती, गोळी होती डावीकडे. 19 सप्टेंबरला अध्यक्ष गेले. ती गादी माझ्या मनातून जात नाही. माणूस कशावर निजला आहे, हे आधी कोणी विचारलं असतं तर!

तर मग विचारा, चकतीखाली काय आहे ते. स्वच्छ वाळूचा तुकडा निवडा. चकती वर-खाली करा, वीतभर, पाण्यातून बादली उपसल्यासारखी संथ. ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे जमिनीशी तोल साधायचं, बटण थोडं थोडं फिरवा. खाली जाताना आणि वर येताना आवाज सारखाच झाला की थांबा. आता यंत्राने ही वाळू ओळखली.

पण ओल्या पट्ट्यात पाऊल टाका, आणि ते पुन्हा ओरडेल. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्याचा जबाब लोहकणांपेक्षा वेगळ्या ठेक्यात येतो. एकाच वारंवारतेवर चालणारं साधं यंत्र एका वेळी दोघांपैकी एकालाच धरू शकतं. त्याच्याकडून दोन्हींचा हट्ट धरू नका. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्याचा हळवेपणा, थोडी उतरवा, ओल्या वाळूवर तोल नव्याने साधा, आणि मग पाण्याला समांतर चाला, एकाच ओलीच्या रेघेवरून. खोल गेलेलं काही सुटेल. सुटू द्या.

पाठीमागच्या रेवदंड्याच्या किल्ल्याच्या आवारात हे यंत्र नेऊ नका. 1740 पर्यंत पोर्तुगीजांचा, मग मराठ्यांचा झालेला तो दगड आपल्या फावड्यासाठी नाही. आणि 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवावं लागतं. मी तर होड्यांचे खिळे वेचतो. या वाळूत पोरं अनवाणी धावतात.

आता चाला. चकती वाळूला लागू देऊ नका, पण बोटभरच वर ठेवा. मागे बारीक खरखर आहे, ती असू दे, लाटेसारखी. तिच्यात काही वेगळं येतंय का, तेवढं ऐका. उजवीकडून एक छोटा, गोल, पुरता आवाज. परत फिरवा. तिथेच. डावीकडून या. तिथेच. काटकोनात वळा आणि पुन्हा. तिथेच.

गुडघे टेका. हाताने वाळू बाजूला करा, चार बोटं, सहा बोटं. पाणी झिरपतं आहे. बोटाला कडक काही लागलं. गंजाने फुगलेला, वाकलेला खिळा, टोक अजून धारदार. पिशवीत टाका. खड्डा बुजवा, तळहाताने वाळू सारखी करा. चकती पुन्हा खाली.